नोंग दुलोचा नवस

“मॅडम, आमच्या ओढ्यात नुसता हात घालायचा अवकाश, सुळ्या बेडूक आपणहून हातात हात देतो,” नोंग दुलो म्हणाला. “डोळे बांधून काढीन. गाणं म्हणत काढीन. अख्ख्या पानाय बेटावर असा ओढा नाही आणि असा हात नाही.”

“मग घाला की,” लिऑनिला मॅडम म्हणाल्या.

इथे गाडं अडलं.

नोंग म्हणजे थोरला दादा, आणि या थोरल्या दादाने दोन्ही हात पाठीमागे नेले. कपितान पोलिकार्पोकडे बघितलं. कपितानने आभाळाकडे बघितलं. गावाचा प्रमुख म्हणून अशा वेळी आभाळाकडे बघायची त्याला सवय होती.

“तसा मी नाही घालू शकत,” दुलो म्हणाला. “माझा नवस आहे.”

“कसला नवस?”

“बेडकाला हात न लावण्याचा.”

मॅडमनी हातातली जाळी खाली टेकवली. पर्यावरण खात्यातर्फे त्या तीन तास जीपच्या टपावर बसून आल्या होत्या. बेडूक रात्री बाहेर पडतात आणि बघायचे तर रात्री, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. मुक्कामाची तयारी करूनच त्या निघाल्या होत्या. पण वाटेतच वादळाचा इशारा लागला, आणि ड्रायव्हरने सांगून टाकलं, दुपारची जीप शेवटची. त्यानंतर रस्त्यावर झाडं पडतील, मी नाही पडणार. म्हणजे दुपारपर्यंत बेडूक दिसला तर दिसला.

आणि नाही दिसला तर खडीचा क्रशर येणार होता. ओढ्याच्या वळणावर, बरोब्बर दुलोच्या घराच्या जागी. कंपनीची माणसं येऊन घराच्या खांबांवर लाल रंगाच्या फुल्या मारून गेली होती. चार फुल्या खांबांवर, एक माडावर, आणि एक दुलोच्या डुकरावर. डुक्कर मधे आलं म्हणून. सुळ्या बेडूक जिवंत सापडला तरच ओढ्याचं ते वळण वाचणार होतं, आणि वळणाबरोबर घर.

आता नवसाचं सांगायला हवं.

दुलोचा हात खरोखरच नावाजलेला होता. गावात कुणी माडीचा घडा मांडला की पहिला निरोप दुलोला. दुलो दिवसाढवळ्या ओढ्यात उतरायचा, दगडाखाली कोपरापर्यंत हात घालून डोळे मिटायचा, आणि पोस्टमनने थैलीतून पत्र काढावं तसा बेडूक काढायचा. चांगला हातभर पसरणारा, तपकिरी, मोठ्या डोक्याचा, खालच्या जबड्यात दोन सुळे असलेला. आलं-मिरची लावून तळला की माडीबरोबर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. दुलोने इतके खाल्ले होते की आभाळ भरून आलं की त्याच्या पोटातून आवाज येतो, असं लोक म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, रोसेंडाला, डासाचा ताप चढला. अंगावर लाल ठिपके उठले, माणसं ओळखेना. नेमकी त्या आठवड्यात सान रोकेची पाळी दुलोच्या घरी होती. गावाच्या या संताची मूर्ती घरोघर फिरते; एका घरी एक आठवडा, मग काचेच्या पेटीतून पुढच्या घरी. पायाशी त्याचा कुत्रा, कुत्र्याच्या तोंडात पाव. दुलोने पेटीपुढे गुडघे टेकले आणि म्हणाला, “सान रोके, हिला वाचव. जन्मात पुन्हा बेडकाला हात लावणार नाही.”

सकाळी रोसेंडा उठून बसली आणि म्हणाली, “भांडी कुणी घासली? चिकट आहेत.”

त्या दिवसापासून दुलोने ओढ्यात बोटसुद्धा बुडवलं नाही. घराखालूनच पाणी वाहायचं, पण तो तिकडे तोंड फिरवून चालायचा, जुन्या प्रेयसीच्या दारावरून जावं तसा. त्याच्या वळणावर दुसरं कुणी बेडूक धरायलाही येईना, कारण नवसाच्या घरासमोर हावरेपणा करायची गावाला लाज वाटे. सगळे वर धबधब्याच्या डोहात जायचे. तिथे कुणाला लाज वाटत नसे.

क्रशरची बातमी आली तेव्हा दुलो पाद्री आन्सेल्मोंकडे गेला होता.

“नवस बदलून मिळतो का, फादर?”

“मिळतो,” पाद्री म्हणाले. “तितकीच आवडती दुसरी गोष्ट सोडायची. माडी सोड.”

दुलोने गळ्यावरून हात फिरवला. “फादर, नवस हाताने केला होता. त्यात घशाला कशाला ओढायचं?”

“मग राहू दे. रोसेंडा काय म्हणते?”

“तिला माहीत नाही मी आलोय ते.”

“माहीत आहे,” मागच्या बाकावरून रोसेंडा म्हणाली. ती फुलं बदलायला आली होती. “दुलो, नीट ऐक. संताने माझा जीव त्या बेडकांच्या बदल्यात दिलाय. तू पाण्यात हात घातलास की संध्याकाळपर्यंत मी गेले. मग घर राहिलं काय आणि पडलं काय, तुला भात कोण घालणार?”

“अगं, पण घर—”

“त्या घराचं मला सांगू नकोस. मागचा खांब कुजलाय म्हणून वर्षभर ओरडतेय.”

“तो मोलावेच्या लाकडाचा खांब आहे! मोलावे कुजत नाही! न्यायाच्या दिवशी देव वर हजेरी घेईल तेव्हाही तो खांब उभा असेल!”

पाद्रींनी दोघांनाही बाहेर काढलं.

तर त्या सकाळी, मॅडमच्या समोर, रोसेंडाने आणखी एक खबरदारी घेतली. तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि दुलोचे दोन्ही हात पाठीमागे करकचून बांधले.

“लोकांसमोर?” दुलो कळवळला.

“तुझे हात मी ओळखते. ते तुझंसुद्धा ऐकत नाहीत.”

मॅडम हे सगळं बघत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. सरकारी नोकरीत दहा वर्षं काढली की माणूस विचारायचं सोडून देतो.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “नोंग दुलो, तुम्ही जागा दाखवा. हात मी घालते.”

“छे, छे! तुम्ही पाहुण्या,” कपितान पोलिकार्पो पुढे झाला. “मी असताना?”

कपितानची अडचण वेगळीच होती. दुलोला त्याने शब्द दिला होता की बेडूक नक्की सापडेल. कंपनीला शब्द दिला होता की नक्की सापडणार नाही. दोन्हीकडे जेवण उत्तम होतं. तेव्हा शोध आपल्याच हाताने झालेला बरा, असं त्याचं मत होतं.

दुलो सगळ्यांना घेऊन वरच्या डोहावर गेला. जिथे त्याने आयुष्यभर बेडूक काढले, तिथेच ते असणार. बांधलेल्या हातांनी दाखवता येईना, म्हणून तो हनुवटीने दाखवत होता.

“तो दगड, कॅप. चपटा. नाही, तो नाही, त्याच्या शेजारचा. माझी हनुवटी बघ ना!”

“तुझी हनुवटी तिन्ही दगडांकडे चाललीय, नोंग.”

“खाली हात घाल. हळू. बोटं ढिली सोड. डोळे मिट.”

कपितानने डोळे मिटले. मग उघडले, ओरडला, आणि हात वर काढला. बोटाला खेकडा लटकत होता. चांगला मोठा.

“हा बेडूक नाही,” मॅडम म्हणाल्या.

“मला कळतंय!” कपितान म्हणाला.

खेकडा सोडवायला तिघं लागले. उजव्या हाताच्या बोटावर रोसेंडाने केळीच्या सोपाची दोरी गुंडाळून भलंमोठं बोचकं केलं. त्यानंतर मॅडमनी स्वतःच हात घातला. त्या हुशार होत्या, त्यांचा हातही चांगला होता. दगड उचलायचा, बघायचा, जसा होता तसा परत ठेवायचा. एकेक करत त्यांनी अख्खा डोह पालथा घातला. निघालं काय? एक रबरी चप्पल, माडीची फुटकी बाटली आणि गोगलगायी.

दुलोच्या तोंडचं पाणी पळालं. “इथे तर असायचे,” तो म्हणत राहिला. “इथे तर पाय ठेवायला जागा नसायची.”

“शेवटचा कधी बघितलात?” मॅडमनी विचारलं.

दुलोला शेवटचा आठवला. आल्यात होता.

तो रबरी चप्पल पायाने उलटवत राहिला. पण मॅडमनी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग त्या फुटक्या बाटलीकडे बघितलं, आणि त्यांना समजलं असावं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या एका खडकावर बसल्या आणि बुटांतलं पाणी ओतायला लागल्या.

“चला,” अखेर त्या म्हणाल्या. “जीपची वेळ होईल.”

खाली येताना दुलो सगळ्यांच्या मागे चालत होता. वळणावर आलं की त्याचं घर दिसायचं. खांबावरच्या लाल फुल्या लांबून फार ठळक दिसतात, हे त्याला त्या दिवशी प्रथमच जाणवलं. त्याच्या आजोबांनी ती जागा निवडली होती. कारण एकच, झोपल्यावर खालून पाण्याचा आवाज येतो. दुलोला दुसरीकडे झोप यायची नाही. लग्नाच्या रात्री सासरवाडीला झोपवलं तर तो उठून चालत घरी आला होता. रोसेंडा ते अजून काढते.

घरापाशी लोक जमले होते. हातात मेणबत्त्या. दुलो विसरूनच गेला होता. आज सान रोकेची त्याच्या घरची पाळी संपत होती. संत ओढा ओलांडून कपितानच्या घरी जायचा होता, आणि वादळ येवो की जग बुडो, अंधाराच्या आत त्याला पोहोचवायचंच असतं. रिवाज असा की ज्याच्या घरी संत जाणार, त्या घरच्या कर्त्याने पेटी स्वतः उचलायची.

“कॅप, बोटाचं काय?” कुणीतरी विचारलं.

“एका बोटाने संत अडतो का?” कपितान म्हणाला आणि पेटी छातीशी धरली.

“मला सोड तरी आता,” दुलो रोसेंडाला म्हणाला. “मेणबत्ती धरायचीय.”

“मेणबत्ती मी धरते. मॅडम अजून इथेच आहेत, ओढा इथेच आहे. जीप वळणाआड जाऊ दे, मग सोडते.”

मॅडम काठावर थांबल्या. मिरवणूक चालली असताना मधून निघून जाणं बरं दिसत नाही.

कपितान पाण्यात उतरला. मागे भजन म्हणणाऱ्या बायका, त्यांच्यामागे रोसेंडा, आणि सगळ्यात शेवटी, कैद्यासारखे हात बांधलेला दुलो. ओढ्याच्या मधोमध, रोसेंडाच्या धुण्याच्या दगडाशेजारी, कपितानचा पाय शेवाळावर पडला. एरवी तो सावरला असता. पण पेटी उजव्या हाताच्या पकडीवर होती आणि त्या हाताला बोट नव्हतं, बोचकं होतं.

कपितान इकडे बसला. पेटी तिकडे गेली.

बायका किंचाळल्या. सान रोके एकदा वर आला, गोल फिरला, दार उघडलं आणि पेटी धुण्याच्या दगडाला धडकून त्याच्याच खाली ओढली गेली.

दुलोने विचार केला नाही. विचार केला असता तर हात बांधलेले आहेत हे त्याला आठवलं असतं. ज्या संताने बायको परत दिली तो बुडतोय, एवढंच त्याला दिसलं. त्याने पाण्यात मुसंडी मारली.

“दुलो! हात!” रोसेंडा ओरडली.

“बांधलेले आहेत!” सगळं गाव ओरडलं.

पाण्यावर थोडा वेळ नुसते बुडबुडे दिसले. मग दुलोचे बांधलेले हात दिसले, मग पाठ, आणि सगळ्यात शेवटी डोकं. पेटीची दोरी त्याने दातांत घट्ट धरली होती. तो गुडघ्यांवर सरकत काठाला आला आणि पेटी मॅडमच्या बुटांपाशी ठेवली, म्हणजे तोंड उघडलं.

“संत बरा आहे का?” त्याने विचारलं.

संत बरा होता. थोडा ओला. पण त्याच्या पायाशी कुत्रा नव्हता.

कुत्र्याच्या जागी, अगदी कुत्र्यासारखाच मान वर करून, एक मोठा तपकिरी बेडूक बसला होता.

बेडकाने एकदा डोळे मिटले, उघडले.

“हलू नका,” मॅडम कुजबुजल्या. त्या पोटावर आडव्या झाल्या आणि तोंड पेटीपाशी नेलं. “सुळे आहेत. दोन्ही. नर आहे. देवा रे, केवढा आहे!”

“मी हात नाही लावला!” दुलो ओरडला. “सगळ्यांनी बघितलं! सेंडा, माझे हात बघ! गाठ तशीच आहे!”

रोसेंडाने गाठ तपासली. मग स्वतःची नाडी तपासली. मग ती ओल्या काठावरच फतकल मारून बसली आणि रडायला लागली. “मी जिवंत आहे,” ती म्हणाली. “मेल्या, मी जिवंत आहे.”

“मग बेडूक धरला कुणी?” भजनातल्या एकीने विचारलं.

“संताने,” दुसरी म्हणाली. “दुसरं कोण?”

कपितान ओढ्यातून निथळत वर आला. दोन्हीकडच्या जेवणांपैकी एक आपल्या हातून चाललंय हे त्याच्या ध्यानात आलं होतं. “एक मिनिट, मॅडम. नियमाने बोलायचं तर बेडूक ओढ्यात नाही सापडला. पेटीत सापडला.”

“पेटी कुठे होती?”

“ती… फिरत असते. आज इथे, उद्या तिथे. बेडूकही बाहेरगावचा असेल.” आणि बेडकाला बाहेर ढकलायला त्याने डावं बोट पुढे केलं.

बेडकाने सुळ्यांचा उपयोग केला.

रोसेंडा उठून दुसऱ्या बोटाचं बोचकं बांधेपर्यंत मॅडम पाण्यात उतरल्यासुद्धा होत्या. पेटी ज्या दगडाखाली गेली होती, त्या दगडाखाली त्यांनी हात घातला आणि चाचपत राहिल्या. मग हसल्या. सकाळपासून पहिल्यांदा.

“इथे आणखी एक आहे. मादी. आणि त्या कपारीत दोन पिल्लं. नोंग दुलो, तुम्ही आम्हाला वर कशाला नेलंत? सगळे तुमच्या घराखाली राहतात!”

दुलो काठावर वाकून पाण्यात बघायला लागला. दोन वर्षं तो ज्या पाण्याकडे पाठ फिरवून चालला, ज्यात त्याच्या नवसाच्या लाजेने दुसऱ्या कुणी हात घातला नाही, तिथेच बिचारे संसार मांडून बसले होते.

“माझा धुण्याचा दगड!” रोसेंडा म्हणाली. “दोन वर्षं मी यांच्या डोक्यावर कपडे आपटतेय!”

“आपटत रहा,” मॅडम म्हणाल्या. “फक्त साबण जरा लांब. आणि क्रशर इथे येत नाही, एवढं मी आत्ताच सांगून टाकते.”

मॅडमनी नराचे फोटो काढले, त्याला मापलं, वजन केलं आणि होता तिथे सोडला. तो घाई न करता दगडाखाली गेला, घरचा यजमान जेवण आटोपून आत जातो तसा. जीपने हॉर्न वाजवला. मॅडम पळत सुटल्या. टपावरून त्या बराच वेळ हात हलवत होत्या. दुलोला उलट हलवता येईना. जीप वळणाआड गेल्यावरच रोसेंडाने गाठ सोडली. मनगटं लाल झाली होती. त्याने ती चोळली, मग खाली वाकून खांबावरची लाल फुली नखाने खरवडायला लागला, आणि खरवडता खरवडता त्याने असा काही उसासा सोडला की डुक्कर दचकून उठलं.

संताला दुसऱ्या वाटेने, पुलावरून, कपितानकडे पोहोचवलं. कुत्रा कुठेच मिळाला नाही. “वाहून गेला असेल,” लोक म्हणाले. वादळही संध्याकाळच्या सुमारास उत्तरेला वळलं. आमच्या वाट्याला नुसता वारा आला.

मग सगळं गाव दुलोच्या घरी आभार मानायला जमलं. कुणी भात आणला, कुणी सुकी मासळी, तिघांनी माडी. बेडूक कुणी आणला नाही. बांबूची जमीन माणसांनी भरून गेली, तरी लोक शिडीवरून वर येतच होते. दोन्ही बोटांना बोचकी बांधलेल्या कपितानला रोसेंडा घास भरवत होती आणि तो सांगत होता, “मी पहिल्यापासून म्हणत होतो, बेडूक सापडणार.”

“दुलो,” रोसेंडा म्हणाली, “जमीन कुरकुरतेय.”

“मोलावे आहे!” दुलोने पेला वर केला. “गावाने खुशाल नाचावं! कंपनी आली, तिने घर हलवलं का? वादळ आलं, त्याने हलवलं का?”

गाव नाचलं.

मागचा खांब आधी गेला, मग शेजारचा. स्वयंपाकघर, भाताचा हंडा आणि जमलेली सगळी मंडळी ओढ्यात उतरली. पाणी गुडघाभरच होतं, लागलं कुणाला नाही. धुण्याचा दगड मधोमध, जरा पलीकडे असल्यामुळे बेडकांचंही काही बिघडलं नाही. कपितान ज्यावर बसला होता ते त्याला टोचलं म्हणून त्याने जरा उठून बघितलं. तो सान रोकेचा कुत्रा होता. पाव तुटला होता.